नक्कल मिळविण्याची रीत : रायपूरचे अभिलेख, कारकून आणि अर्जदार

१

'नक्कल' हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या क्षेत्रांत वावरतो. रंगमंचावर तो दुसऱ्याची हुबेहूब बतावणी सुचवितो. कचेरीत तो मूळ कागदावरून उतरून, अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी दिलेल्या प्रतीचा वाचक असतो. मूळ अरबी शब्दात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा अर्थ अभिप्रेत आहे. फारसी राज्यकारभाराच्या परंपरेतून तो हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत आला, आणि दफ्तर, मिसल, कारकून, दस्तऐवज या सोबत्यांसह टिकून राहिला. रायपूरच्या जिल्हा कचेरीत आजही अर्जदार 'नकल' मागतो, आणि मराठी मुलखातील तहसील कचेरीत 'नक्कल'. मागण्याची रीत, ती देणाऱ्याची टाळाटाळ आणि मागणाऱ्याची हताशा यांत मात्र भाषाभेद फारसा आढळत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवहाराचे पहिले स्मरण होते ते श्रीलाल शुक्ल यांच्या 'राग दरबारी' (१९६८) या कादंबरीमुळे. तीतील लंगड नावाच्या पात्राला दिवाणी दाव्यासाठी तहसिलीतून एका जुन्या निकालाची नक्कल हवी असते. कारकून रूढ दरापेक्षा अधिक पैसे मागतो. त्यावरून तंटा होतो आणि लंगड प्रतिज्ञा करतो की आता एक पैसाही न देता, कायद्यानेच नक्कल घेईन. कारकूनही तशीच प्रतिज्ञा करतो, की देईन तीही कायद्यानेच. त्यानंतर अर्जात दर वेळी एखादी नवी त्रुटी निघत राहते. अखेर नक्कल तयार होते तेव्हा लंगड तापाने आजारी असतो. सूचना फलकावर लागते, मुदत उलटते आणि तयार झालेली प्रत नष्ट केली जाते.

या उपकथेचा विचार बहुधा भ्रष्टाचाराचे चित्रण म्हणून केला जातो. तो अपुरा आहे. लंगडचा पराभव लाचेने होत नाही, नियमाने होतो. नियमाचे ज्ञान कारकुनाकडे आहे. लंगडकडे केवळ नियमावरील श्रद्धा आहे. अर्जातील दोष त्याला तोंडी कळतात, एका वेळी एकच कळतो, आणि प्रत्येक नकार हवेत विरून जातो. कचेरीच्या भिंतीआड जो लेख आहे तो मिळवायचा, तर भिंतीबाहेर दुसरा एक लेख उभा करावा लागतो : तारीखवार अर्ज, त्याची पोच, त्यावरील लेखी उत्तर. हा दुसरा लेख कसा उभा करावा आणि तो नसला तर काय गमवावे लागते, याचे विवेचन रायपूरच्या उदाहरणावरून करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

रायपूर हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. येथील अभिलेखांवर एकामागून एक अनेक राजवटींचे थर बसले आहेत, आणि प्रत्येक थराबरोबर लिपी, भाषा व कागद ठेवण्याचे ठिकाण बदलत गेले आहे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे हैहयवंशीय राज्य नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून प्रत्यक्ष कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांची देखरेख आली, आणि त्यांपैकी मेजर ॲग्न्यू यांच्या काळात मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलले. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. भोसल्यांच्या दरबाराचा लेखनव्यवहार मराठीत आणि मोडी लिपीत चाले. त्या काळातील छत्तीसगढविषयक मराठी कागदांचा माग म्हणूनच रायपूरपेक्षा नागपूरकडे अधिक वळतो.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी रायपूर हे छत्तीसगढ विभागाचे मुख्य ठिकाण झाले. जमाबंदीच्या मोजण्या, मालगुजारांचे हक्क, गावोगावच्या वहिवाटी यांच्या नोंदी या काळात पद्धतशीर होऊ लागल्या. राजधानी मात्र नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि रायपूर ज्या नव्या मध्य प्रदेशात राहिले त्याची राजधानी भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण होऊन राजधानी रायपुरास आली. एकाच विषयाची कागदपत्रे अशा रीतीने तीन राजधान्यांच्या अनुषंगाने विखुरणे स्वाभाविक होते.

जिल्ह्याच्या सीमांचीही हीच कथा. जुना रायपूर जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी विस्तीर्ण होता. १९०६ मध्ये दुर्ग जिल्हा निघाला. १९९८ मध्ये धमतरी व महासमुंद वेगळे झाले. २०१२ मध्ये बलौदाबाजार आणि गरियाबंद. आजोबांच्या काळी जे गाव रायपूर जिल्ह्यात होते ते नातवाच्या काळी दुसऱ्याच जिल्ह्यात असते. अर्जात आजच्या जिल्ह्याचे नाव घातले तर जुन्या यादीत ते सापडत नाही; जुने घातले तर 'आमच्याकडचे नव्हे' असे उत्तर मिळते. सावध अर्जदार म्हणूनच गावाचे नाव, पटवारी हलका, त्या काळची तहसील व जिल्हा आणि आजची तहसील व जिल्हा अशी दोन्ही ठिकाणे लिहितो. ही एवढी नोंद नसल्यामुळे किती फेऱ्या व्यर्थ होतात, याची कल्पना कचेरीच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या कोणाही अर्जीनविसाला विचारल्यास येईल.

साहित्याच्या अभ्यासकालाही हा भूगोल चुकत नाही. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी मातृभाषेचे हिंदी लेखक. त्यांनी १९०० मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, १९०७ मध्ये नागपूरहून 'हिंदी केसरी', आणि पुढच्या वर्षी त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' यांचे हिंदी अनुवाद करणाऱ्या या लेखकाचे अखेरचे आयुष्य रायपुरात गेले. त्यांच्या चरित्रातील शासनविषयक कागद शोधायचे तर एका खिडकीवर काम भागत नाही. नागपूर, भोपाळ, रायपूर आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार अशा चारही दिशांना लेखी विचारणा करणे क्रमप्राप्त ठरते.

३

संशोधकाला कागद न मिळाला तर एक प्रकरण अपुरे राहते. सामान्य अर्जदाराच्या बाबतीत याहून पुष्कळ मोठी गोष्ट पणास लागलेली असते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून त्या राज्याच्या हद्दीत राहत असल्याचा, आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. छत्तीसगढात त्यासाठी प्रथम पाहिली जाते ती जुन्या बंदोबस्ताची मिसल, त्यानंतर १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि शाळेचे दाखल-खारीज पुस्तक. नागपूर-भंडाऱ्याकडून पिढ्यांपूर्वी रायपूर परिसरात येऊन स्थायिक झालेल्या मराठीभाषी कुटुंबांपुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. तारखेनंतरचे स्थलांतर असेल तर मूळ राज्यातील दर्जा नव्या राज्यात चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले आहे. तारखेपूर्वीचे स्थलांतर सिद्ध करणारा कागद म्हणजे एखाद्या मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश किंवा मुलाची नोकरी होय.

मिसल हा शेतजमिनीचा लेख आहे. तीत कास्तकाराचे नाव, बापाचे नाव, जात आणि कसलेली जमीन यांची नोंद असते. ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याचे नाव तीत कोठून असणार? विणकर, मजूर आणि बलुतेदार यांची पुष्कळ घरे या लेखात मूक आहेत. छत्तीसगढने २०१३ मध्ये सामाजिक स्थितीच्या प्रमाणीकरणासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्याखालील नियमांत कागद नसलेल्यांसाठी ग्रामसभेच्या ठरावाची वाट ठेवली. तथापि ती वाट आहे हे अर्जदाराला माहीत असेल तरच तिचा उपयोग. 'मिसल आणा' एवढेच खिडकीवरून सांगितले गेले आणि नियम सांगितलाच गेला नाही, तर ज्याची मिसल नाही तो परत जातो आणि पुन्हा येत नाही.

नोंद सापडली तरी अक्षराचा प्रश्न उरतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना पाठभेद ही हस्तलिखितांतील समस्या म्हणून परिचित आहे. येथे ती हक्काची समस्या होते. पटवाऱ्याने कानावर आले तसे लिहिले : कोठे 'महार', कोठे 'मेहरा', कोठे 'महरा', कोठे 'महारा'. अनुसूचीत पहिल्या रूपांचा समावेश होता, पुढच्यांचा नव्हता. म्हणून एकाच समाजातील एका घराला दाखला मिळे आणि शेजारच्या घराला मिळत नसे. हा भेद मिटविण्यासाठी संसदेला २०२३ मध्ये घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात छत्तीसगढापुरती दुरुस्ती करून 'महारा' व 'महरा' ही रूपे पर्याय म्हणून घालावी लागली. त्याच वर्षीच्या अनुसूचित जमातींविषयीच्या दुरुस्तीत 'भारिया भूमिया'चे पर्याय म्हणून 'भुईंया', 'भुईयां', 'भूयां' अशी रूपे, तसेच 'पांडो' या नावाची देवनागरीतील निरनिराळी रूपे समाविष्ट झाली. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्यासाठी कायदा करावा लागणे हे लिपिशास्त्राच्या इतिहासातही नोंदण्याजोगे आहे.

यावरून अर्जदारासाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. नक्कल मागताना नोंद 'दुरुस्त' करून मागू नये. मुळात जशी आहे तशीच, अक्षरश:, शक्य तर छायाप्रतीच्या रूपात मागावी. कारकुनाने सद्भावनेने शुद्धलेखन सुधारून दिलेली प्रत पुढे मुळाशी जुळत नाही, आणि संशयाचे कारण होते.

४

खिडकीवर मिळणाऱ्या नकारांचे चार प्रकार सहज ओळखता येतात. प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे, म्हणून ते वेगळे करून पाहणे अगत्याचे.

पहिला प्रकार : 'इथे नाही.' वर पाहिल्याप्रमाणे हे उत्तर पुष्कळदा खरे असते. परंतु माहितीच्या अधिकाराचा कायदा (२००५) कलम ६(३) अन्वये सांगतो की माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवून अर्जदाराला तसे कळवावे. योग्य कचेरी शोधण्याचा भार अर्जदारावर नाही. पण हे फक्त लेखी अर्जाला लागू पडते. तोंडी विचारणाऱ्याला केवळ दार दाखविले जाते.

दुसरा प्रकार : 'सापडत नाही', किंवा त्याचेच अधिक गंभीर रूप, 'जळाले', 'वाळवीने खाल्ले', 'पावसात गेले'. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ च्या विश्वास भांबुरकर प्रकरणात असे म्हटले की कधी काळी शासनाकडे असलेली माहिती आता सापडत नाही एवढ्यावर ती नाकारता येत नाही. कसून शोध घेतला पाहिजे आणि गहाळ होण्याची जबाबदारी निश्चित केली पाहिजे. म्हणून अशा वेळी वाद न घालता एवढेच मागावे की शोध कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या कपाटांत घेतला हे लेखी मिळावे. कागद नष्ट झाला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मिळावी. असा अर्ज आल्यावर हरवलेली मिसल सापडल्याची उदाहरणे कचेरीत वावरणाऱ्यांना अपरिचित नाहीत.

तिसरा प्रकार : 'कशाला पाहिजे? तुमचा काय संबंध?' येथे दोन वाटांतील भेद ध्यानी घ्यावा. माहितीच्या अधिकाराखाली, कलम ६(२) प्रमाणे, अर्जदाराने कारण सांगण्याची आवश्यकता नाही. प्रमाणित नक्कल मिळविण्याची जुनी वाट मात्र ज्याला तो कागद पाहण्याचा हक्क आहे त्याच्यासाठी आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ७६ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आली आहे. म्हणून तेथे नाते किंवा हितसंबंध थोडक्यात लिहिणे श्रेयस्कर. न्यायालयाच्या कागदांपुरते तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, गुजरात उच्च न्यायालयाविषयीच्या प्रकरणात, न्यायालयाच्या स्वत:च्या नियमांनीच नक्कल मागावी असा निर्णय दिला आहे. लंगडला आजही माहितीच्या अधिकाराची वाट सर्वत्र खुली नसती.

चौथा प्रकार सर्वांत घातक, कारण तो नकारच नसतो : 'उद्या या.' त्याला तारीख नाही, सही नाही, अपील नाही. कलम ७(१) ची तीस दिवसांची मुदत आणि कलम ७(२) मधील 'मुदतीत निर्णय न देणे म्हणजे नकारच' हा नियम नेमका याच उत्तरासाठी रचलेला आहे. अर्जाच्या पोचेवर तारीख पडली की 'उद्या' मोजता येतो. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते, आणि विनाकारण विलंबास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, इतका दंड माहिती अधिकाऱ्यावर व्यक्तिश: बसू शकतो.

५

अर्ज कसा असावा याविषयी मतभेदाला फारशी जागा नाही. एका अर्जात एकच विषय असावा. 'माझ्या कुटुंबाची सर्व माहिती' असे न लिहिता 'अमुक मौजा, अमुक तहसील, बंदोबस्ताचे अमुक वर्ष, अमुक नावाच्या कास्तकाराच्या नोंदीचे पान' असे लिहावे. वर्ष ठाऊक नसेल तर आधी केवळ पाहणीची परवानगी मागावी. कलम २(ञ) मध्ये कागद पाहणे, टिपणे घेणे, उतारे आणि प्रमाणित प्रती घेणे हे चारही हक्क आहेत. 'का', 'कसे' असे प्रश्न अर्जात घालू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितल्याप्रमाणे जे अस्तित्वात आहे तेच मागता येते. मत मागता येत नाही. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते माफ आहे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच देण्यास नकार झाला तर तोच अर्ज पोच मिळणाऱ्या टपालाने धाडावा.

भाषेचा मुद्दा या नियतकालिकाच्या वाचकांना जिव्हाळ्याचा वाटेल. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत अर्ज स्वीकारतो. रायपुरात मराठी अर्ज स्वीकारण्याचे बंधन कचेरीवर नाही. छत्तीसगढीला मात्र २००७ च्या दुरुस्तीने राजभाषेचे स्थान मिळाले आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कलम ६(१) मध्ये अशी तरतूद आहे की त्याची तोंडी विनंती लेखी उतरवून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने सर्व वाजवी साहाय्य करावे. खिडकीपाशी सर्वांत कमी उच्चारले जाणारे हेच कलम असावे.

उत्तर असमाधानकारक असेल तर तीस दिवसांत त्याच कचेरीतील वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. पहिल्या अपिलाच्या निर्णयाला तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे. दुसऱ्याला कायद्याने मर्यादाच घातलेली नाही, हा या रचनेतील मोठा दोष होय. प्रवेशाची तारीख तोंडावर आलेल्या विद्यार्थिनीला आयोगाची वाट पाहणे परवडत नाही. म्हणून दाखल्यासारख्या सेवेसाठी २०११ च्या छत्तीसगढ लोकसेवा हमी कायद्यातील मुदतीचा आधार समांतर घेणे शहाणपणाचे ठरते.

लाचेसंबंधी मौन पाळणे अप्रामाणिक होईल. हरिशंकर परसाई यांच्या 'भोलाराम का जीव' या कथेत मृत भोलारामचा जीव यमदूतांना सापडत नाही, कारण तो पेन्शनच्या फायलीत अडकलेला आहे. आणि तो शोधायला आलेल्या नारदालाही कागदांवर वजन म्हणून आपली वीणा ठेवावी लागते. कायद्याची आजची स्थिती अशी की २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही अपराध आहे. ज्याला ती देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर त्याला संरक्षण मिळते. वीणा ठेवून आलेल्याला इतकेच दिवस आहेत.

६

येथवर कारकून प्रतिपक्षात उभा दिसतो. मराठी गद्यात त्याची ही प्रतिमा जुनी आहे. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुले यांनी दाखविले की गोरे अधिकारी सुखासीन असल्यामुळे खरी सत्ता कागद लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या ब्राह्मण कामगारांच्या हाती जाते, आणि निरक्षर कुणबी तिच्यापुढे असहाय ठरतो. लेखनाची मक्तेदारी आणि जातीची मक्तेदारी यांचा हा संबंध छत्तीसगढच्या कचेऱ्यांचा विचार करतानाही नजरेआड करता येणार नाही.

तथापि कारकुनाला केवळ खलपुरुष मानल्याने त्याच्याकडून कागद निघत नाही. रायपूरचे लेखक विनोदकुमार शुक्ल यांच्या 'नौकर की कमीज' (१९७९) या कादंबरीचा नायक संतू बाबू स्वत:च कारकून आहे. साहेबाच्या घरी नोकरासाठी शिवलेला एक सदरा आहे; नोकर पळून गेला आहे; तो सदरा संतू बाबूच्या अंगाला बरोबर बसतो, आणि त्यामुळेच तो त्याच्यावर चढविला जातो. गोगोलच्या 'ओव्हरकोट' (१८४२) मधील अकाकी हाही नकला उतरविणाराच कारकून. दोन्ही कृतींत वस्त्राच्या प्रतिमेतून एकच प्रश्न विचारला आहे : कागदावर सत्ता असणाऱ्याची स्वत:च्या अंगावर तरी सत्ता आहे काय?

अभिलेखकोष्ठातील बाबू नाही म्हणतो त्याला आळसाखेरीज इतरही कारणे असतात. कार्यभार घेताना मिळालेली यादी अपुरी असते. पान फाटले तर ठपका त्याच्यावर येतो. जुनी फारसीमिश्रित लिखावट किंवा मोडी त्याला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते देण्याची धास्ती वाटते. देण्याचे बक्षीस नाही, न देण्याची शिक्षा दूरची आहे. कलम ४(१)(क) ने प्रत्येक कचेरीवर अभिलेखांच्या याद्या व सूची तयार ठेवण्याचे कर्तव्य घातले आहे. ते पाळले गेले असते तर खिडकीवरचे निम्मे तंटे उद्‌भवलेच नसते. माहितीच्या अधिकारातील दंड माहिती अधिकाऱ्यावर असतो. म्हणून अर्जदाराने बाबूशी शब्दाला शब्द लावण्यापेक्षा 'साहेबांची लेखी टीप मिळाली तर आपल्यालाही सोयीचे' असे म्हणणे दोघांच्याही हिताचे. लेखी आज्ञा हे अर्जदाराचे साधन आहे तसेच बाबूचे कवचही.

७

दफ्तरे दडवून ठेवण्याची प्रवृत्ती कनिष्ठ कारकुनापुरती नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात गेल्यावर कित्येक दशके हिंदी अभ्यासकांना मुक्तपणे पाहता येत नव्हते. गणेश चिमणाजी वाड यांचे निवडक उतारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. पण जदुनाथ सरकार यांच्या आग्रहानंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पंचेचाळीस खंड निघाले ते १९३० नंतरच. मधल्या काळात वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून खाजगी दफ्तरे गोळा करीत होते, आणि त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. सरकारी दार बंद असल्याने मराठी इतिहाससंशोधनाची एक दिशाच ठरली, असे म्हणण्यास हरकत नाही. खाजगी घरांतून जे मिळाले ते लिहिणाऱ्या वर्गांचे होते. न लिहिणाऱ्यांचा मागमूस सरकारी महसुली कागदांत अधिक होता, आणि तोच दुर्लभ राहिला.

रायपूरच्या मिसलींना म्हणून साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीनेही मोल आहे. गावांची, शेतांची, माणसांची नावे आणि त्यांचे लेखनभेद यांचा एवढा मोठा संचय अन्यत्र मिळणे कठीण. काही जिल्ह्यांच्या मिसलींच्या प्रतिमा आता संगणकावर पाहता येतात. भुइयां या शासकीय प्रणालीवर चालू खसरा व बी-१ यांच्या नकला घरबसल्या निघतात. जुना, जीर्ण आणि सूचीबाहेरचा कागद मात्र अद्याप बस्त्यात आहे, आणि त्याचे फडके सोडणारा हात बाबूचाच आहे. मोडी वाचू शकणारे मराठी अभ्यासक येथे उपयोगी पडू शकतात. नागपूर व रायपूर येथील विद्यापीठांनी एकत्र येऊन अशा बस्त्यांच्या सूची करून दिल्या, तर कचेरीचे 'वाचता येत नाही' हे कारण नाहीसे होईल.

तोवर अर्जदाराच्या हाती एक साधी गोष्ट राहते. प्रत्येक फेरीची तारीख, भेटलेल्या अधिकाऱ्याचे पद आणि मिळालेले उत्तर एका वहीत टिपून ठेवावे; प्रत्येक अर्जाची पोच त्याच वहीत चिकटवावी. लंगडपाशी अशी वही असती तर त्याच्या अर्जातील सारे दोष पहिल्याच दिवशी लेखी मागता आले असते, फलकावरची सूचना टपालाने घरी येण्याची विनंती करता आली असती, आणि प्रत नष्ट झाल्यावर अपिलात काय मांडावे हे कोणाला विचारावे लागले नसते.